परसबाग नोंद, महिना चौथा: संत्र्याची पिवळी पानं

नागपूरच्या हिंगणा रोडकडे घरामागचा अर्धा गुंठा, त्यात संत्र्याची दोन कलमं, बाकी वांगी आणि सांभार (कोथिंबीर). मेमध्ये माती तपासून घेतली होती. सामू (पीएच) ८.२, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, पालाश (पोटॅश) भरपूर, स्फुरद (फॉस्फरस), जस्त आणि लोह कमी. आपल्या काळ्या रानात असा अहवाल अनेकांना येईल.

दोन वर्षं मी कलमांना डीएपी (नत्र आणि स्फुरदाचं खत) देत होतो, तरी पालवी पिवळीच. खत कमी पडतंय असं वाटून पुन्हा डीएपीच दिलं, ते चुकलं. खोदताना निघणारे पांढरे खडे म्हणजे चुनखडी. तिच्यामुळे स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं, लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. वरून स्फुरद जास्त झालं की जस्तही अडतं.

या पावसाळ्यात पानं नीट पाहायला शिकलो, त्याचा फार आनंद आहे. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी, कारण झाड ते तिथून काढून नव्या पालवीला देतं. लोह असं हलत नाही; म्हणून शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरांची जाळी हिरवी. जस्त कमी असलं की पान लहान, अरुंद, पेरं आखूड. माझ्याकडे लोह आणि जस्त दोन्हीची लक्षणं होती. आळ्यात पाणी साचलं की लोहाचा पिवळेपणा वाढतो, म्हणून जुलैत उताराकडे चर काढला.

फवारणी: १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट, २५ ग्रॅम चुन्याची निवळी. लोहाची वेगळी, आठ दिवसांनी. नवी पालवी हिरवी आली, पण फवारा त्या पालवीपुरताच. माती तशीच राहते.

मातीसाठी रिकाम्या भागात जूनअखेर हिरवळीचं खत म्हणून पाव किलो ताग पेरला आणि पोळ्याआधी, फुलं दिसू लागताच गाडला. उशीर केला असता तर खोड टणक होऊन कुजायला वेळ लागला असता. आता तिथं कुदळ सहज शिरते, गांडुळंही दिसली. कर्बाचा आकडा मात्र एका तागाने हलेल अशी अपेक्षा नाही, तीनचार वर्षं धरून चाललोय.

परवा त्याच तुकड्यात बियाण्याला रायझोबियम (हवेतलं नत्र मिळवून देणारे जिवाणू) चोळून हरभरा टाकला. युरिया नाही, डीएपी नाही, फक्त शेणखत. ताग आणखी कोणी गाडला असेल तर किती दिवसांनी पेरलंत, ते सांगा.