कॅप झिर्कोनियाची, टवका उडतो पोर्सिलेनचा

दातावर झिर्कोनियाची, म्हणजे एका दणकट पांढऱ्या सिरॅमिकची, कॅप बसवा, मग आयुष्यभर बघायला नको, असं कुणी म्हटलं की माझ्यातला मटेरियल्सवाला चुळबुळायला लागतो. झिर्कोनिया दणकट आहे यात वादच नाही. पण दोन थरांच्या कॅपवरून जीभ फिरवली की जे लागतं ते झिर्कोनिया नसतंच मुळी! झिर्कोनियाचं कोपिंग, म्हणजे दातावर बसणारी पातळ टोपी, आत असतं, साधारण अर्ध्या मिलीमीटरचं, आणि त्याच्यावर लॅबमधल्या टेक्निशियनने ब्रशने चढवून भट्टीत भाजलेलं पोर्सिलेन असतं, कारण नेहमीचा झिर्कोनिया पांढराफटक दिसतो, त्यातून उजेड नीट जात नाही. म्हणजे रूप बाहेरच्याचं, ताकद आतल्याची, आणि माहितीपत्रकात छापलेला ताकदीचा आकडा फक्त आतल्याचा. तो आकडा ९०० ते १२०० मेगापास्कल (पदार्थ मोडायला लागणारा ताण या एककात मोजतात). वरचं पोर्सिलेन १०० च्या आसपास घुटमळतं. हा दुसरा आकडा कुणी छापत नाही.

आता सिरॅमिक म्हटलं की एक गोष्ट डोक्यात ठेवायची, त्याला कितीही दाबा, सहन करतं, पण खेचलं की संपलं. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने काचेवर प्रयोग करून १९२० च्या सुमारास दाखवलं की ठिसूळ पदार्थात बारीक बारीक दोष आधीपासूनच असतात आणि तडा त्यातल्याच एखाद्यापासून सुटतो. त्यामुळे कॅपवर जोर किती आला यापेक्षा खेच नेमकी कुठे आली आणि तिथे दोष होता का, हे विचारायला हवं. चावताना जिथे टेकतं त्याच्या बरोब्बर खाली दाब असतो, खेच असते ती त्या टेकलेल्या जागेच्या कडेला. शिवाय खालचं डेंटिन, म्हणजे दाताचा इनॅमलखालचा भाग, झिर्कोनियापेक्षा दहापट तरी लवचिक, म्हणून अख्खी कॅप किंचित वाकते आणि सिमेंटकडची आतली बाजू खेचली जाते. तिथून निघालेला तडा वरून दिसतच नाही. आणि जाडी अर्धी केली की हा तडा साधारण पाव जोरातच सुटतो, जोर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून दात कमीत कमी घासून पातळ कॅप बसवायचा मोह महागात पडू शकतो.

कमजोर कोपिंगच्या कॅप अशाच आतून तडकून दोन तुकडे व्हायच्या. झिर्कोनिया आल्यावर कोपिंग फुटायचं जवळजवळ थांबलं आणि वरच्या पोर्सिलेनचे टवके उडायला लागले, तेही पोर्सिलेनच्या आतल्या आत, म्हणजे टवका उडाल्यावर खाली पोर्सिलेनचा पातळ थर झिर्कोनियाला चिकटलेलाच सापडतो. सगळे म्हणाले चिकटलं नाही नीट. पण नीट चिकटलं नसतं तर झिर्कोनिया उघडा पडला असता ना!

माझ्या मते याचं मोठं कारण चावण्याच्या आधीचं आहे, भट्टीतलं. पोर्सिलेन लालबुंद असताना मऊ असतं, त्यात ताण साठत नाही. थंड होताना एका तापमानाखाली ते कडक होतं आणि तिथून पुढे जे काही आकुंचन होईल त्याचा ताण आत कायमचा अडकतो. कोपिंग पोर्सिलेनपेक्षा थोडंसं जास्त आकसेल अशी जोडी मुद्दाम निवडतात, म्हणजे वरचा थर हलक्या दाबाखाली राहतो, धातूवर पोर्सिलेन चढवायचे तेव्हापासूनची ही युक्ती. फक्त धातू उष्णता पटकन वाहून नेतो आणि झिर्कोनिया फारच हळू नेतो. भट्टी झटकन उघडली की पोर्सिलेनचा बाहेरचा भाग आधी कडक होतो, आतला अजून गरम, मग आतला आकसायला जातो तर बाहेरचा त्याला आकसू देत नाही, आणि शेवटी बाहेर दाब, आत खेच. टफन्ड ग्लास अशीच बनवतात, पण ती बनवल्यावर घासायची नाही हा तिचा पहिला नियम. इथे आपण काय करतो, कॅप उंच लागतेय म्हणून बसवताना वरून घासतो! दाबाखालचा थर गेला, नवे ओरखडे पडले, आणि आतली खेच बाहेर यायला वाट मोकळी. पोर्सिलेन जितकं जाड तितका हा प्रकार वाईट. म्हणून झिर्कोनियावरचं पोर्सिलेन भट्टीत सावकाश थंड करायचं आणि कोपिंगलाच दाताच्या उंचवट्यांचा आकार द्यायचा, म्हणजे वर सगळीकडे सारखा पातळ थर पुरतो. घासायला लागलंच तर नंतर पॉलिश हवंच, हे वेळ नाही म्हणून टाळायचं काम नाही.

त्यात तोंडात कायम ओल. तड्याच्या टोकाशी पाणी पोचलं की काचेतले बंध सुटत जातात आणि तडा रोज थोडा थोडा पुढे सरकतो, म्हणून वर्षानुवर्षं ठणठणीत असलेली कॅप एक दिवस मऊ भातावर जाते आणि मग लोक भातातला खडा शोधत बसतात.

लॅबमधल्या चाचण्यांचीही एक गंमत आहे. स्टीलचा गोळा कॅपवर दाबायचा आणि ती फुटेपर्यंत जोर वाढवायचा. १९९९ मध्ये दातांच्या सिरॅमिकचे संशोधक केली यांनी लिहिलं की अशा चाचणीत कॅप ज्या तऱ्हेने फुटते तशी ती तोंडात फुटतच नाही. तरी असे आकडे अजून छापले जातात, असो.

आता दाढेला अख्खी झिर्कोनियाचीच एकसंध कॅप बसवायची पद्धत वाढलीय आणि मला ती पटते, थरच नाही तर टवका कसला. फक्त ती जास्त पारदर्शक हवी म्हणून त्यात मिसळलेलं इट्रिया नावाचं ऑक्साइड वाढवतात, आणि मग तडा अडवायची झिर्कोनियाची जी खासियत, तड्यापाशी स्फटिक फुगून त्याचं तोंड दाबून टाकायची, ती कमी होते, ताकदही उतरते. त्यामुळे कॅप घेताना नुसतं झिर्कोनिया आहे का असं विचारू नका, कुठला झिर्कोनिया आणि वर पोर्सिलेन आहे का तेही विचारा. समोरच्या दातांना अजून बऱ्याचदा पोर्सिलेन लागतं, पण तिथे ते ओठाकडच्या बाजूलाच पातळ लावून चावायची बाजू झिर्कोनियाची ठेवता येते, मी तरी तेच मागेन.