संगीताच्या खोलीची किल्ली

मिरजेत वाढणाऱ्या मुलाच्या कानावर तानपुरा पडतोच. तो हाती येईल याची मात्र खात्री नसते. माझे वडील मिरज जंक्शनवर हमाली करीत आणि आम्ही सात माणसे एका खोलीत राहत असू. शाळेला येताना तंतुवाद्ये घडविणाऱ्या कारागिरांच्या दाराशी मांडलेले भोपळे पाहत मी रेंगाळत असे. पाचवीत गायनाच्या सरांनी माझा आवाज ऐकून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ या पहिल्या संगीत परीक्षेचा अर्ज भरायला लावला आणि परीक्षेची फी शिक्षकांनी वर्गणी काढून भरली.

फी भरली गेली की गरिबाच्या मुलाला संगीत खुले झाले, असे पुष्कळांना वाटते. माझी खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. घरात पेटी नव्हती, आणि असती तरी रात्रपाळी करून आलेले वडील झोपलेले असताना षड्ज, म्हणजे ‘सा’, लावून बसायचे कोठे? सरांनी हे न सांगता ओळखले आणि मुख्याध्यापकांच्या संमतीने संगीताच्या खोलीची किल्ली माझ्या स्वाधीन केली. पहाटे साडेपाचला कुलूप काढून मी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात, स्वर लावी आणि पहिल्या घंटेपर्यंत भूप रागाचे अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, घोटीत असे. पुढे आणखी चौघे येऊ लागले. नववीत माझा आवाज फुटला, तेव्हाही सरांनी किल्ली परत मागितली नाही. वर्षभर त्यांनी मला पेटीवर बसविले आणि मग काळी एकपासून पुन्हा गळा तयार करून घेतला.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडून विद्या घेतली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, हे येथे बहुतेकांना ठाऊक असते. सर मात्र त्या विद्यालयाच्या, संगीताचे शिक्षक-प्रचारक घडविणाऱ्या उपदेशक वर्गाविषयी अधिक आस्थेने बोलत, कारण त्यातील विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याचा भार विद्यालय स्वतः उचलत असे. शिकणाऱ्याला डोक्यावर छप्पर लागते, हे पलुस्करांनी जाणले होते, असे सर म्हणत.

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नव्या इमारतीत संगीतकक्ष होत आहे, हे वाचून मला भरून आले. त्यासाठी मिरजेच्या तानपुऱ्यांची एक जोडी मी देत आहे. समितीला विनंती एवढीच, की त्या कक्षाच्या कुलपाला दोन किल्ल्या असाव्यात आणि त्यांतील एक, घरी रियाजाला जागा नसलेल्या विद्यार्थ्याजवळ राहावी.