आमची वाटचाल : मेणबत्तीच्या बरणीपासून

सोळा वर्षांपूर्वी आमची लॅब म्हणजे बडोद्यात दांडिया बाजारातल्या सासऱ्यांच्या घराची तळमजल्यावरची खोली, एक सेकंडहँड इन्क्युबेटर आणि माहेरून आणलेला प्रेशर कुकर. मी सयाजीराव विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलेली, हिशेब ह्यांच्याकडे. कामं पाण्याची नि दुधाची. बरं चाललं होतं.

मग एका पोल्ट्रीवाल्यांनी विचारलं, "बेन, कॅम्पायलोबॅक्टर बघता का?" त्यांच्या गिऱ्हाइकाला रिपोर्ट हवा होता. मी हो म्हटलं. माणसाला जुलाब करणारा हा जंतू पुस्तकात वाचला होता, वाढवला कधीच नव्हता. बरणीत जंतू वाढवायच्या प्लेटा ठेवल्या, आतला ऑक्सिजन कमी व्हावा म्हणून मेणबत्ती पेटवून झाकण लावलं, ३७ अंशांवर ठेवून दिलं. सहा महिने रिपोर्ट गेले : "आढळला नाही." ते खूश, आम्ही खूश.

एकदा शंका आली म्हणून त्याच नमुन्याचा अर्धा भाग दुसऱ्या लॅबला पाठवला. तिथे भरपूर सापडला.

या जंतूला ऑक्सिजन लागतो, पण जेमतेम ५ टक्के. मेणबत्ती विझते तेव्हाही बरणीत त्याच्या तिप्पट उरलेला असतो. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, म्हणून तिच्या आतड्यातला जेजुनी (ही कॅम्पायलोबॅक्टरची एक जात) ४२ अंशांवर खुशाल वाढतो. ३७ वर बाकीचे जंतू प्लेट आधीच व्यापून टाकतात. (मे महिन्यात बडोदंही ४२ला टेकतं, पण बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, शिवाय नमुना सुकतो. आमचे निम्मे नमुने तर स्कूटरवरच मेले असणार.) सहा महिन्यांची फी परत केली. त्यावरून घरात झालेलं भांडण इथे लिहीत नाही.

मग उधारी करून ऑक्सिजन हवा तेवढा कमी करणारा गॅसपॅकवाला जार घेतला, कोळसा आणि अँटिबायोटिक घातलेला मीडिया, म्हणजे जंतूंचं खाद्य, मागवला. ४८ तासांनी प्लेटवर चपट्या, करड्या, ओलसर वसाहती! मायक्रोस्कोपखाली वाकडेतिकडे जंतू स्क्रूसारखे गिरक्या घेत सुसाट पळत होते. ह्यांना बोलावलं, तर म्हणाले, "हे काय, चकलीचे तुकडे?" बालरोगतज्ज्ञ एशेरिखनं १८८६ मध्येच असे नागमोडी जंतू बाळांच्या आतड्यात पाहिले होते, पण वाढवता आले नाहीत. साध्या हॉस्पिटलच्या लॅबला ते जमू लागलं ते १९७७ मध्ये ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्किरोनं खास मीडिया दिल्यावर. त्या मानानं माझे सहा महिने फार नव्हेत, अशी मी माझी समजूत घालते.

गुर्मी मात्र लगेच उतरली. एका पशुपालकाच्या गायी सारख्या उलटत होत्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येत होत्या, म्हणून वळूचा नमुना आला. मी तो थाटात ४२ वर लावला. काही नाही. एक जुने पशुवैद्य म्हणाले, "बाई, तुम्ही कोंबडीचा जंतू वळूत शोधताय." गुरांतला तो फीटस, कॅम्पायलोबॅक्टरचीच दुसरी जात; त्याला ३७च लागतं, ४२ सहसा सोसत नाही. वळूला काहीच होत नाही, तो नुसता वाहक. गायीचा गर्भ सुरुवातीलाच मरतो, ती पुन्हा माजावर येते आणि दोष तिच्या माथी. कित्येक चांगल्या गायी अशा विकल्या जातात. म्हणून कृत्रिम रेतनासाठी ठेवलेल्या वळूंची तपासणी मी सर्वांत मोलाची मानते, पैसे सर्वांत कमी मिळत असले तरी.

कोंबडीतल्या जेजुनीमुळे माणसांत ताप, पोटात पेटके, जुलाब, कधी रक्त. बहुतेक जण आठवडाभरात बरे होतात. हजारात एखाद्याला पुढे गिलाँ-बारे हा नसांचा आजार होऊन हातपाय लुळे पडतात. कच्चं दूध आणि अर्धीकच्ची कोंबडी हे नेहमीचे रस्ते. आमच्या घरात कोंबडी नळाखाली धुणं मी बंद केलं, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू कोशिंबिरीवर जातो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, न धुता शिजवायची?" शिजल्यावर तो मरतोच, हे त्यांना पटायला दोन दिवाळ्या गेल्या.

आता मकरपुऱ्यात जागा आहे, चार मुली कामाला आहेत. नमुना बर्फाच्या डब्यातून २४ तासांत आला नाही तर आम्ही परत पाठवतो. गिऱ्हाईक चिडतं, चिडू दे. रिपोर्टवर आता लिहितो : "या नमुन्यात, या पद्धतीने आढळला नाही." आणि एक विनंती, नमुने सोमवार ते बुधवार आणा. शुक्रवारी दिलेत की ४८ तास रविवारी भरतात, आणि रविवारी जार उघडायला मलाच यावं लागतं.