फॉर्मवरचा एकच शब्द

गेल्या आठवड्यात कर्नाटकातल्या चिकोडीकडून माझ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तपासणीला आलेल्या डबीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे चार तुकडे होते आणि सोबतच्या फॉर्मवर वयाखेरीज 'पोटदुखी' एवढाच शब्द होता. स्लाइडवर व्रण होता, त्याच्या कडेला दोन लहान, सुटे ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींच्या गाठी) होते आणि टीबीचे जंतू दाखवणाऱ्या झील-नील्सन रंगाने रंगवून पाहिले तरी एकही जंतू सापडला नाही. अशा वेळी क्रोन्स, म्हणजे टीबीसारखाच दिसणारा पण जंतूंमुळे न होणारा आतड्याचा दाह, लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण आतड्याच्या टीबीत बायोप्सीमध्ये जंतू बहुधा सापडतच नाहीत, आणि टीबीचे २०० मायक्रॉनहून मोठे, एकमेकांत मिसळलेले ग्रॅन्युलोमा अनेकदा अस्तराखालच्या थरात दडलेले असतात, जिथवर एंडोस्कोपीचा चिमटा पोचेलच असे नाही. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर आजार पसरतो. उलट झाले तर टीबीच्या गोळ्या खाण्यात महिने वाया जातात.

म्हणून ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या तुकड्यांचे) आणखी खोल छेद घ्यायला सांगितले आणि रुग्णाच्या मुलाला जुने कागद घेऊन बोलावले. मुलगा मराठी बोलत होता, कागद मात्र सगळे कानडीत. माझे कानडी वाचन अक्षराला अक्षर जोडत चालते, तरी एका पिवळ्या कार्डावरचा शब्द अडला नाही, कारण क्षय तिकडेही क्षयच. "बाबांनी गोळ्या घेतल्या होत्या मॅडम, बरं वाटलं तशा सोडल्या," तो म्हणाला. दुपारी खोल छेदांत, तिसऱ्या तुकड्यात, तीन ग्रॅन्युलोमा एकमेकांत मिसळलेले आणि मधोमध केझिएशनचा, म्हणजे टीबीत मरून चीजसारख्या झालेल्या पेशींचा, गुलाबी, दाणेदार चुरा दिसला. रिपोर्टात टीबी लिहिला आणि उपचार अर्धवट सुटले असल्याने रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला जंतू दाद देतात का, हे तपासण्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये न घातलेला ताजा तुकडा मागवला.

लिव्हरची अडचण निराळी. सुईने लिव्हरचा साधारण ५०,००० वा अंश हाती येतो, म्हणून तुकडा २ सेंटीमीटरचा आणि निदान ११ पोर्टल ट्रॅक्ट (लिव्हरमधल्या रक्तवाहिन्या व पित्तनलिकांचे जुडगे) असलेला असावा, असा माझा आग्रह असतो. त्याच दिवशीचा तुकडा ८ मिलिमीटरचा निघाला, त्यात पोर्टल ट्रॅक्ट चारच. तंतू निळे दाखवणाऱ्या मॅसन ट्रायक्रोम रंगात निळे तंतू फारसे नव्हते, परंतु एवढ्यावरून फायब्रोसिसचा (लिव्हरमध्ये साचलेल्या तंतूंचा) दर्जा दिला तर तो खऱ्यापेक्षा कमी भरण्याचीच भीती अधिक. मी चरबीचे प्रमाण लिहिले आणि फायब्रोसिसच्या रकान्यात 'तुकडा अपुरा' असे नोंदवले. पाठवणाऱ्या डॉक्टरांना फायब्रोसिसच्या दर्जाचा आकडा हवा होता. ते फोनवर थोडे नाराजच झाले.