गॅलरीतली बादली

मागच्या जुलैतली गोष्ट. आमच्या इमारतीतला कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या बोटाला फडकं बांधलेलं थोरलीने पाहिलं आणि विचारलं, "ताई, काय लागलं?" त्या म्हणाल्या, "काच होती गं पिशवीत, दिसली नाही." कोणाच्या घरची ते त्यांनी सांगितलं नाही. पण आदल्याच दिवशी आमच्याकडे पेला फुटला होता आणि मी तुकडे भाजीच्या देठांबरोबर एकाच डब्यात टाकले होते. थोरलीने ते पाहिलं होतं. त्या संध्याकाळी ती माझ्याशी नीट बोललीसुद्धा नाही.

तोवर मी मुलांना पर्यावरणावर बरंच सांगत असे. नळ बंद करा, दिवा बंद करा, झाडं लावा. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच. दोघं मान हलवायची आणि निघून जायची. त्या कापलेल्या बोटाने जे झालं ते माझ्या बोलण्याने कधी झालं नव्हतं. कचऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो आणि तो आपल्या ओळखीचा असतो, हे तिला कळलं. पुण्यात 'स्वच्छ' ही सहकारी संस्था कचरावेचकांच्याच मालकीची आहे. सुका कचरा विकून येणारे पैसे त्यांचेच असतात. कागद भाजीच्या रसाने भिजला की त्याला भाव मिळत नाही, हे ताईंनीच मुलांना समजावलं.

मग ओला कचरा घरीच जिरवायचं ठरलं. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा होता, त्याला यांनी ड्रिलने चहूबाजूंनी आणि तळाला भोकं पाडली. डब्याखाली दोन विटा, विटांखाली ताटली. मुलं त्याला पहिल्या दिवसापासून बादलीच म्हणतात. रोजची सालं, देठं, चहाचा चोथा बारीक करून टाकायचा, वर आंबट ताकाचा हबका मारायचा. सुकी पानं टाका असं सगळे सांगत होते, पण भर पावसात सुकी पानं आणायची कुठून? थोडी वर्तमानपत्रं फाडून टाकली आणि भागेल असं मी समजले.

नवव्या-दहाव्या दिवशी वास सुटला. शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं. झाकण उघडलं तर आत वळवळणाऱ्या अळ्या. धाकटा रडायलाच लागला. थोरली म्हणाली, फेकून देऊ या. खरं सांगते, मीही पिशवी शोधायला वळले होते.

सासूबाईंनी थांबवलं. त्यांचं लहानपण भोरकडच्या खेड्यात गेलंय. झाकण बाजूला करून त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, उकिरड्यालाही वारा लागतो. गुदमरलंय ते." जुना पेपर पसरून त्यांनी सगळं त्यावर ओतलं आणि मुलांना हातात मूठभर घेऊन पिळायला लावलं. पाण्याची धार लागली. मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा, फार तर एखाद-दुसरा थेंब पडावा, ही परीक्षा धाकट्याला आजही पाठ आहे. पुढे मी वाचलं तेव्हा कारण समजलं. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या (नायट्रोजनच्या) साधारण 25 ते 30 पट कर्ब (कार्बन) लागतो. भाजीपाल्यात पाणी आणि नत्र जास्त, कर्ब वाळक्या पानांत. त्यात हवाही कोंडली की वेगळेच जिवाणू माजतात आणि घाण वास येतो.

चार दिवस नवीन काही टाकलं नाही. पुठ्ठ्याचे तुकडे आणि नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळला. वास गेला. अळ्या राहिल्या. बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असाव्यात. ही माशी चावत नाही, घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही आणि तिच्या अळ्या कचरा भराभर संपवतात. हे कळल्यावर थोरली भिंग घेऊन बसली. भीती वाटणारी गोष्ट जवळून पाहायला मिळणं मुलांना हवं असतं. आपणच ती घाईने झाकून टाकतो.

कामं वाटून दिली. धाकटा ढवळणार, थोरली वजन करून वहीत लिहिणार. मध्यंतरी मी बक्षिसाची चिकटचित्रं सुरू केली, ती मात्र चूक होती. चित्रं संपली त्या आठवड्यात ढवळणंही थांबलं. परत सुरू झालं ते एका सकाळी धाकट्याने डब्याला हात लावला तेव्हा. "आई, बादलीला ताप आलाय!" आतल्या जिवाणूंच्या कामाने खरोखरच डबा कोमट झाला होता. नंतर तो रोज सकाळी तिचा ताप बघू लागला.

पहिलं खत दिवाळीनंतर निघालं. जुन्या चाळणीने चाळलं. तीन महिन्यांच्या कचऱ्याचं जेमतेम पाव डबा खत पाहून थोरली हिरमुसली. पण वास घेतला तर पहिल्या पावसाचा! ओल्या मातीच्या आणि पिकलेल्या खताच्या वासामागे मुख्यतः जिओस्मिन हेच द्रव्य असतं. त्या खतात घरातलेच मेथीदाणे पेरले. धाकट्याने ती मेथी खुडू दिली नाही, शेवटी तिला फुलं आली.

फेब्रुवारीत पानगळ सुरू झाली. रविवारी वेताळ टेकडीवर गेलो तेव्हा थोरलीने पिशवी काढली. मी नको म्हटलं. टेकडीवरचा पाला टेकडीचा, तो तिथेच कुजून तिथलीच माती धरतो. खाली आमच्याच आवारात मात्र वॉचमनकाका पाला झाडून पेटवत होते. मुलंच त्यांच्याकडे गेली, "काका, जाळू नका, आम्हाला द्या." काकांनी दुसऱ्या दिवसापासून ढीग बाजूला ठेवायला सुरुवात केली. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा उपक्रम पाला नको असलेल्यांची आणि हवा असलेल्यांची गाठ घालून देतो. आमची गरज जिन्याखालीच भागली.

सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, ही पद्धत ताईंनी आम्हाला सांगितली होती. थोरलीने ती काचेलाही लावली. फुटलेली बरणी पुठ्ठ्यात बांधून, लाल खडूने ठिपका काढून तिने वेगळी ठेवली. ताईंनी ती उचलून पाहिली आणि विचारलं, "वहिनी, ही कोणी बांधली?" थोरली आतून पळत आली.

आता गच्चीत पाल्याची तीन पोती बांधून ठेवली आहेत. रोज दोन ओंजळी या हिशेबाने ती ऑक्टोबरपर्यंत पुरतील का, हे थोरली वहीत मांडून बघते आहे. तिच्या मते चौथं पोतं लागेल.