पेशींना रविवार नसतो

"मावशी, पेशींना कुठला रविवार?"

आज सकाळी कुर्ल्याला लोकलमध्ये एक मुलगी भेटली. आमच्याच बिल्डिंगमध्ये पेइंग गेस्ट राहते, मूळची हिंगोलीकडची, कॅन्सरवर पीएचडी करतेय. सुट्टीच्या दिवशी कुठे निघालीस विचारलं, तर हे उत्तर. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना दर दोन-तीन दिवसांनी ताजं खाद्य घालावं लागतं, नाहीतर मरतात. महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाया.

तिच्या हातांकडे लक्ष गेलं. सारखं स्पिरिट मारून बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी पडलीय, भेगाळलीय.

मग दाराबाहेर बघत म्हणाली, "चार महिने फेलोशिप नाही आली. घरी सांगितलं नाहीये. बाबांना वाटतं, मीच पैसे पाठवेन."

जेआरएफची, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी फेलोशिपची, रक्कम 2023 पासून महिना 37 हजार झाली, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं! पण हातात वेळेवर पडायला हवी ना. ज्यांना घरून भाडं येतं ते थांबतील. घरातली पहिली पदवीधर पोरगी किती थांबणार?

याच मुंबईत डॉ. कमल रणदिवे यांनी कॅन्सरवर काम केलं, देशातली पहिली टिश्यू कल्चर, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभारली. 1973 मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू करणाऱ्यांतही त्या होत्या. वाशीला त्या संघटनेचं वसतिगृह आहे, पाळणाघरही.

उतरताना माझा डबा तिच्या हातात दिला. आधी नको म्हणाली, मग घेतला.

तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल, तर तिचं या महिन्याचं भाडं भरलं गेलंय का, विचाराल?