पिट्सबर्ग पायरेट्सचे सर्वश्रेष्ठ खेळाडू: माझी क्रमवारी

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील तरुणांना २००८ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले, तेव्हा आपल्याकडील अनेकांनी या बेसबॉल संघाचे नाव प्रथमच ऐकले. या संघाचा इतिहास मात्र एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. क्रमवारी लावताना मी एकच कसोटी धरली आहे, ती म्हणजे पायरेट्सच्या गणवेशात खेळाडूने मैदानावर काय केले.

या कसोटीवर पहिला क्रमांक होनस वॅग्नर यांचा लागतो. ते शॉर्टस्टॉपवर, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धाव घेताना गाठायच्या थांब्यांच्या) मधल्या जागी खेळत. ही क्षेत्ररक्षणातील सर्वांत अवघड जागांपैकी एक. तेथे उत्तम क्षेत्ररक्षण करणाऱ्याची फलंदाजी बेताची असली तरी संघ ती चालवून घेतात. वॅग्नर यांनी मात्र ती जागा सांभाळून नॅशनल लीगमधील (अमेरिकेतील दोन प्रमुख लीगांपैकी एक) फलंदाजीच्या सर्वोच्च सरासरीचा मान आठ वेळा मिळवला. १९०९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगांच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेत, समोर डेट्रॉइटचे टाय कॉब होते. तिथेही वॅग्नरच सरस ठरले आणि पायरेट्स विजेते झाले.

दुसऱ्या क्रमांकावर रोबेर्तो क्लेमेंते आहेत, आणि पिट्सबर्गमधील अनेकांना हे पटणार नाही. निकारागुआतील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे. परंतु खेळाच्या क्रमवारीत तो धरू नये, कारण त्याविनाही क्लेमेंते यांची बाजू भक्कम आहे. राइट फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाहेरच्या भागाच्या, कोपऱ्यातून त्यांनी फेकलेला चेंडू थेट तिसऱ्या बेसवर येत असे, त्यामुळे धावणारे खेळाडू दुसऱ्या बेसवरच थबकत. बारा गोल्ड ग्लव्ह (उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) आणि बरोबर ३,००० हिट्स (फटका मारून सुरक्षितपणे बेस गाठणे) त्यांच्या नावावर आहेत. १९७१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बाल्टिमोरविरुद्ध सातही सामन्यांत त्यांनी हिट मिळवला, आणि २-१ असा निसटता जिंकलेल्या सातव्या सामन्यात पहिली धाव त्यांच्याच होम रनची, म्हणजे थेट मैदानाच्या भिंतीपलीकडे मारलेल्या फटक्याची, होती.

तिसरे विली स्टार्जेल. ४७५ होम रन हे त्यांचे बळ. शिवाय १९७९ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, चांगल्या खेळाबद्दल सहकाऱ्यांच्या टोप्यांवर लावण्यासाठी सोनेरी तारे वाटत त्यांनी संघाला विजेतेपदापर्यंत नेले. चौथे पॉल वेनर, याविषयी फारसा वाद नसावा.

खरा वाद पाचव्या जागेचा आहे. बॅरी बाँड्स यांनी येथे सातच हंगामांत दोनदा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवला; मात्र १९९० आणि १९९१ च्या निर्णायक मालिकांत त्यांची बॅट चालली नाही. उलट बिल मॅझेरॉस्की यांनी १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, नवव्या डावात, न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध मारलेला चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे गेला, आणि त्या एका फटक्याने विजेतेपद पिट्सबर्गला आले. तरीही मी पाचवे स्थान बाँड्स यांनाच देतो, कारण मॅझेरॉस्की दुसऱ्या बेसवर अप्रतिम असले तरी फलंदाज म्हणून सामान्यच होते, आणि एका फटक्याच्या बळावर सात हंगामांच्या असामान्य खेळाला मागे सारणे मला न्याय्य वाटत नाही.